पीचखालचं शेत

संक्रांत सरली की आमच्या हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची पोती हलायला लागतात. घराला लावायचा चुना दिवाळीआधी जातो. हा चुना बाउंड्रीचा. सकाळी शटर अर्धं वर केलेलं असतं, थंडीनं लोखंड हातात धरवत नसतं आणि कानटोप्या घातलेली चार पोरं पायरीवर उभी. "शेठ, दोन पोती चुना आन् सुतळीचा एक बंडल." कशाला, ते मी विचारत नाही. टुर्नामेंट लागली. रस्त्यानं द्राक्षांच्या पेट्या भरलेले टेम्पो पुण्याकडं पळत असतात, उन्हाळ कांदा लावून लोक जरा मोकळे झालेले असतात, आणि गावाला क्रिकेट चढतं.

यंदा पोरांनी चुन्याबरोबर आणखी एक मागणी केली. त्यांच्यातला एक म्हणाला, "शेठ, यंदा माइक तुमी घ्या राव. तुमच्याबिगर मजाच न्हाय."

"घसा बसलाय माझा," मी म्हणालो.

"चार वर्सं?"

"हो, चार वर्षं! चुना घ्यायचाय ना? घ्या आणि निघा."

पोरं हसत हसत गेली. मी मात्र दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. एकानं नळाचा अर्ध्या इंचाचा एल्बो मागितला, त्याला पाऊण इंचाचा दिला, आणि तो बदलायला आला तेव्हा त्यालाच चार शब्द सुनावले. जेवताना बायकोनं विचारलं, "आज काय बिनसलंय तुमचं?" काही नाही म्हणालो. काय सांगणार? वर्षातले अकरा महिने मी बरा असतो. हा एक महिना आला की मला माझाच आवाज ऐकू यायला लागतो, आणि तो ऐकू आला की माझी मलाच लाज वाटते.

आमच्या गावचं स्टेडियम बघायला कुणी मुद्दाम वाट वाकडी करू नये. मूळचं ते गायरान. माझ्या लहानपणी तिथं गुरं चरायची, बाजाराच्या दिवशी गाड्या सुटायच्या. नव्वद सालानंतर कधीतरी कुणाच्या तरी फंडातून पश्चिमेला सहा दगडी पायऱ्या बांधल्या. फंड संपला, पायऱ्या संपल्या. उत्तरेला शाळेची भिंत, दक्षिणेला बाभळी, पूर्वेला ऊस. बॉल उसात गेला की गेला. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग बॉल आणायला जातो कोण? पण पायऱ्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर लाल रंगात 'स्टेडियम' असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून गावाची मान ताठ झाली. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या टीमा यायला लागल्या. पार आळेफाट्याच्या गॅरेजवर पत्ता विचारला तरी लोक सांगायचे, "स्टेडियमच्या अलीकडं वळा."

तिथं काय झालं नाही ते विचारा. एकदा सर्कस उतरली. तिचा म्हातारा उंट महिनाभर पायऱ्यांच्या सावलीत रवंथ करत बसला होता. सामुदायिक लग्नं लागली. नवरात्रात टिपऱ्या झाल्या. पोलीस भरतीच्या आशेवर पोरं सकाळी फेऱ्या मारायची, आता पोरीही मारतात. प्रत्येक निवडणुकीला सभा, प्रत्येक सभेला खुर्च्या, आणि सभा संपल्यावर जमिनीला पडलेली ती चार-चार भोकं. हे सगळं झेलून, जानेवारी आला की ते मैदान पुन्हा क्रिकेटचं व्हायचं.

मी त्या मैदानाचा कॉमेंटेटर. आमचं घराणं मूळचं मारवाडचं, पण आजोबांच्याही आधीपासून इथलं. आई देवापुढं मारवाडीत पुटपुटते, बाकी घरात सगळं मराठीच. तरी मी माइकवर बोलायला लागलो की लोकांना कौतुक. "मारवाड्याचा कांतीशेठ, पन काय मराठी झाडतोय!" हे कानावर पडलं की मी आणखीच चेकाळायचो. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. पहिलं बक्षीस चषक, दुसरं बोकड. जैनाच्या तोंडून भोंग्यावर बोकडाची जाहिरात! आईनं ती घरात बसून ऐकली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी "चार पायांचं आकर्षक बक्षीस" म्हणायला लागलो, आणि पायऱ्यांवरून लोक ओरडायचे, "शेठ, नाव घ्या की त्याचं!"

पण कॉमेंटेटरची खरी सत्ता पुकाऱ्यात. टीम वेळेवर आली नाही की तिच्या गावाचं नाव तीनदा पुकारायचं. पहिला पुकारा, मग पाच मिनिटं. दुसरा पुकारा, पुन्हा पाच मिनिटं. मग तिसरा आणि शेवटचा. तिसरा झाला की माझ्या शेजारी बसलेले गणपत मास्तर, म्हणजे आमचे स्कोअर लिहिणारे, लाल पेन्सिल उचलायचे आणि वहीत त्या गावाच्या नावावर रेघ मारायचे. समोरच्या टीमला न खेळता पुढं चाल. एकदा रेघ पडली की रडा, पाया पडा, ते नाव परत यायचं नाही. बेल्ह्याची टीम हमखास गावचा बैलबाजार उरकून यायची, टेम्पोतून, कपड्यांना बैलांचा वास. दुसरा पुकारा होऊन गेलेला असायचा आणि ही मंडळी गेटातून ओरडत पळत यायची, "आलो, आलो! रेघ मारू नका!" मी मुद्दाम तिसऱ्याला तोंड उघडायचो आणि तसंच धरून ठेवायचो. पायऱ्या हसून लोळायच्या. एका अख्ख्या गावाचं नाव आपल्या जिभेवर अडवून धरायचं, यात कसली मजा वाटायची मला!

बुधाजीबाबा या मैदानाचे राखणदार. डिंभ्याच्या धरणात त्यांचं गाव गेलं. साळटेप. घोड नदीच्या काठाला वीस-पंचवीस घरं आणि भाताची खाचरं. धरणग्रस्त म्हणून त्यांना आमच्या शिवाराच्या कडेला घरापुरती जागा मिळाली. जमिनीचं होईल, होईल म्हणता राहूनच गेलं. मैदानाच्या कमिटीनं त्यांना कामावर ठेवलं. गेट उघडायचं, बाभळीचे काटे वेचायचे, झाडांना पाणी घालायचं. माणूस कमी बोलणारा. बिडीसुद्धा अर्धी ओढून अर्धी कानावर ठेवायचे.

तेव्हाचं आमचं पीच म्हणजे मुरमाची पट्टी. एक बॉल घोट्याला, दुसरा डोक्यावरून. एके दिवशी बाबा तिथं उकिडवे बसून ती पट्टी बोटानं टोकरत होते. मला म्हणाले, "शेठ, हे खळ्यावानी का करत न्हाय तुमी?"

"खळं म्हणजे?"

"भात झोडायचं खळं. चार दिस माती भिजवायची, पायानं तुडवायची, चोपण्यानं चोपायची, वरनं शेन सारवायचं. मंग दाना पडला तर उडी मारतो. बॉल का न्हाय मारायचा?"

मला हसू आलं, आणि हसता हसता वाटलं, अरे, हे खरंच आहे की! दोन तालुक्यांत क्रिकेटचे एवढे जाणकार, पण हे कुणाला सुचलं नव्हतं.

"पन माती पायजेल," बाबा म्हणाले. "हितली न्हाय चालायची. ही भुसभुशीत, कांद्याची. खळ्याला भाताची माती लागती."

"मग कुठली आणायची?"

बाबांनी कानावरची बिडी काढली, पुन्हा ठेवली. "पानी उतरलं तर आनू," म्हणाले.

त्या वर्षी पाऊस असा दगा देऊन गेला की पाणी खरंच उतरलं. मे महिन्यात टेम्पो ठरवला आणि आम्ही दोघं निघालो. घोडेगाव सोडलं, डिंभे मागं टाकलं, पाण्याच्या कडेकडेनं टेम्पो हळूहळू चालला. बाबा काचेला नाक लावून बसले होते. दर उन्हाळ्यात वरच्या अंगाची खाचरं उघडी पडतात, ज्यांची असतात ते लोक जाऊन बघून येतात. बाबांचं शेत खाली, नदीला लागून. गाव सुटल्यापासून ते एकदाही पाण्याबाहेर आलं नव्हतं. त्या मे महिन्यात आलं.

उतरून चालायला लागलो. जिकडं बघावं तिकडं तडकलेला गाळ. मला सगळं एकसारखं दिसत होतं, पण बाबा घरातल्या घरात फिरावं तसे चालले होते. "हितनं वाट व्हती. हितं धोंडूच्या म्हशी बांधायचो. हितं हीर." मध्येच थांबले. गाळातून दगडांची एक ओळ जेमतेम डोकं काढून होती. "ह्यो माझा बांध." त्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या, का ते मला कळलं नाही. कुदळीनं त्यांनी वरचा हातभर गाळ बाजूला केला, खालची माती मुठीत घेतली, आवळली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे जसेच्या तसे. "हीच," म्हणाले. मला वाटलं होतं म्हातारा रडेल. कसलं काय! असा खुलला होता चेहरा की मलाच तिकडं बघवेना.

दोन खेपा केल्या. पाट्या डोक्यावर घेऊन तो चढ चढायचा, दम निघाला. परतताना बाबा पुढं बसायला तयार नाहीत, मागं मातीवरच बसले. घोडेगावला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "शेठ, माझं येक काम कराल?"

मला वाटलं, आता पगाराचं काढणार. मनात लगेच उत्तरं जुळवायला लागलो. अशी माझी जात.

"खेळ सुरू झाला की माइकवर आमच्या गावाचं नाव घ्या. ही माती साळटेपची, असं. येकदाच. तुमचा आवाज लई लांब जातो. यष्टीच्या पाटीवरनं नाव गेलं, यादीतनं गेलं. पोरान्ला कुनी इचारलं तर ती हितलंच गाव सांगत्यात. कुनाच्या तोंडातच ऱ्हायलं न्हाय वो."

"एवढंच ना? एकदा काय, दहादा घेईन!" मी म्हणालो. बोलायला माझं काय जात होतं?

मग पावसाळा संपल्यावर त्यांनी पीच धरलं. आधी फूटभर खणून खाली विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, त्यावर ती चाळलेली माती. मग पाणी सोडून तुडवणं. धोतर वर खोचून बाबा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं तुडवत जायचे आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायचे. मग चोपण्याचा आवाज, थप् थप्, दुकानापर्यंत यायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय चाललंय?" मी म्हणायचो, "स्टेडियमचं काम." ओल्या पीचमधून कधी कधी एखादं हिरवं पातं वर यायचं. बाबा ते उपटायचे, पण टाकायचे नाहीत. मैदानाच्या कडेला नळाजवळ ओल असायची, तिथं नेऊन लावायचे. "आमच्या खाचरातलं गवात हाय," म्हणायचे. "लई तरास द्यायचं तवा."

आणि काय पीच झालं हो! बॉल असा सरळ यायचा की बॅट्समनला सबब उरली नाही. बाहेरगावच्या टीमा खेळायच्या आधी वाकून हात लावून बघायच्या.

टुर्नामेंटच्या उद्घाटनाला पाहुणे किती, विचारू नका. सारख्या चिठ्ठ्या हातात येत होत्या. यांचं नाव राहिलं, त्यांचं आधी घ्या, अमक्यांचं पुन्हा घ्या, ते रुसलेत. बॉल देणाऱ्याचं नाव घेतलं, पाणी देणाऱ्याचं घेतलं, मंडपवाल्याचं घेतलं, बोकड देणाऱ्याचं तर सात वेळा. संध्याकाळी माइक बंद केला आणि नजर नळाकडं गेली. बाबा धुतलेला सदरा घालून सकाळपासून नळाच्या कट्ट्यावर बसून होते.

"अरेच्चा! बाबा, राहिलंच की हो."

"आसू द्या. फायनल हाय की अजून."

फायनललाही राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. मी मुद्दाम केलं नाही हो, आईची शपथ. पण मुद्दाम न करताही राहिलं, हे त्याहून वाईट आहे, एवढं कळायला मला फार वर्षं लागली. नाव घ्यावं असं ज्यांच्याकडं काहीतरी होतं त्यांची सगळ्यांची नावं मला पाठ होती. एकाच माणसानं मला गावाचं नाव सांभाळायला दिलं होतं, आणि ते मी खिशात घालून विसरलो.

पीचची स्तुती मात्र माझ्या तोंडून अखंड चालायची. एकदा भरात येऊन बोलून गेलो, "मंडळी, असं पीच जिल्ह्यात दाखवा! हेलिकॉप्टर उतरवा या पीचवर, पोचा पडला तर नाव बदलीन!" लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. मग काय, प्रत्येक सामन्याला पायऱ्यांवरून फर्माईश, "शेठ, हेलिकॉप्टर!" आणि मी लगेच सुरू.

तिसऱ्या वर्षी टुर्नामेंटच्या आठ दिवस आधीचा एका बड्या पुढाऱ्यांचा दौरा ठरला. हेलिकॉप्टर कुठं उतरवायचं ते बघायला सरकारी माणसं मैदानावर आली. कमिटी हजर, मीही इस्त्रीचा सदरा घालून हजर. साहेबांनी विचारलं, मधली जमीन कशी आहे, धसणार तर नाही? कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "अवो सायेब, आमचे शेठ तर माइकवरच सांगत्यात, हेलिकॉप्टर उतरवा म्हनून!" सगळे हसले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच इतकी पक्की आहे?"

आता इथं मी काय बोलायला हवं होतं, ते मी गेली चार वर्षं बोलत असतो. आंघोळ करताना बोलतो, काट्यावर खिळे टाकताना बोलतो. साहेब, ती माझी गंमत होती. ही एका माणसाच्या शेताची माती आहे. तिकडं बाभळींच्या अंगाला मुरूम आहे, तिथं उतरवा. इतकं सोपं होतं ते. पण त्या दिवशी मी छाती पुढं काढून म्हणालो, "छातीठोक सांगतो साहेब, सगळ्या जिल्ह्यात अशी जागा नाही."

बाबा तेव्हा गावात नव्हते. थोरल्या लेकीचं बाळंतपण होतं, तिच्या गावी गेले होते. जाताना गेटची किल्ली माझ्या हातात दिली होती. "चार दिस पीचवर ध्यान ठेवा. रोज सांजच्याला दोन झाऱ्या पानी." मी पाणी घातलंही. तेवढं केलं.

मला वाटलं, चुन्यानं एक गोल काढतील, आत इंग्रजी एच काढतील, झालं. चौथ्या दिवशी सकाळी खडीचा ट्रक आला, मागून मिक्सर आला. सिमेंट आमच्याच दुकानातून गेलं. पोती ट्रकमध्ये चढत होती तेव्हा कुठं चाललीत ते मी विचारलं नाही. दुपारी मैदानावर गेलो तर पीच नव्हतं. त्याच्या जागी वीतभर जाडीचा, चांगला ऐसपैस करडा चौकोन. एक कामगार त्यावर थापी फिरवत होता.

ऊन कलायला बाबा आले. एस.टी.तून उतरून थेट, खांद्यावर पिशवी तशीच. गेटात थांबले. मग चालत आले आणि कडेला बसून त्यांनी सिमेंटवर हात ठेवला. हाताचा ठसा उमटला.

"शेठ, वलं हाय अजून," म्हणाले. आवाज चढलेला नाही, काही नाही. "आत्ता काढलं तर निघंल. मी येकटा काढतो. तुमी फकस्त हो म्हना."

"अहो बाबा, परवा सकाळी उतरणार आहेत ते. आता कसं काढायचं? दौरा होऊन जाऊ द्या, मग बघू."

"मंग न्हाय निघायचं."

मी इकडंतिकडं पाहिलं. मैदानात आम्ही दोघं आणि तो कामगार, चौथं माणूस नव्हतं. मला कुणी अडवणारं नव्हतं. फावडं चार हातांवर पडलेलं होतं. आणि एरवी ज्याच्या तोंडाला खीळ बसत नाही तो मी पुन्हा तेवढंच म्हणालो, "मग बघू."

बाबांनी हात धोतराला पुसला. किल्ली मागितली नाही. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर कामगारानं त्या ठशावरून थापी फिरवली.

हेलिकॉप्टर आलं. धुरळ्यानं पायऱ्या दिसेनाशा झाल्या, बायकांनी पदर तोंडाला लावले. पाऊण तासात ते परतही गेलं. पोचा पडला नाही. "शेठ, खरं केलंत राव!" म्हणून लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी हसलो. हसलो, हे कबूल करायला हवं. त्यानंतर आठ दिवसांनी टुर्नामेंट सुरू झाली आणि मी घसा बसल्याचं पहिल्यांदा सांगितलं.

मला जास्त कशानं टोचत असेल तर यानं, की कुणालाच काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर पोरांना सिमेंट आवडलं. वर मॅटिंग टाकलं की बॉल छान उसळतो, राखायला माणूस लागत नाही. लोक त्यावर मका वाळवतात, गाडी शिकणारे तिथं क्लच सोडायला शिकतात, नवरात्रात देवीचा मंडप तिथंच पडतो. ते तोडू या, असं मी कमिटीत दोनदा काढलं. "तोडून काय करता शेठ? चांगलं हाय की," असं उत्तर मिळालं, आणि त्यात चूक तरी कुणाची काढणार? बाबा आता एका द्राक्षाच्या बागेवर राखण करतात. बाजारात भेटले की "रामराम शेठ" म्हणतात. कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्या दुष्काळी वर्षानंतर पाऊस बरे झाले. धरण भरतं, कालव्याला पाणी येतं, कांदा होतो, माझं दुकान चालतं. धरण भरल्याची बातमी आली की आम्ही पेढे वाटतो. मी तो पेढा तोंडात टाकतो आणि मला दगडांची ती ओळ आठवते. ते शेत काही पुन्हा वर आलं नाही. त्यातली दोन टेम्पो माती तेवढी पाण्यातून सुटली होती, तिच्यावर मी सिमेंट टाकलं.

पोरांना हाकलून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान बायकोवर सोपवलं आणि बाबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर सुतळी वळत होते.

"बाबा, यंदा माइक घेतोय. रविवारी या."

"कशाला?"

"या तर खरं."

त्यांनी सुतळीला पीळ दिला. "बघू," म्हणाले.

रविवारी चार वर्षांनी त्या टेबलापाशी बसलो. तेच भोंगे, तेच गणपत मास्तर, कानाला आता मशीन लावलेले. चुन्याची बाउंड्री पांढरीशुभ्र. पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. पहिला सामना बेल्ह्याचा, आणि बेल्हे अर्थातच आलेलं नव्हतं. नळाकडं पाहिलं. बाबा आले होते, पण सदरा धुतलेला नव्हता, बागेतून उठून तसेच आले होते. कट्ट्यावर बसले होते.

मी माइक उघडला. पाठ करून आलो होतो. "मंडळी, पाहुण्यांची नावं नंतर घेतो. या सिमेंटखाली साळटेप गावची माती आहे. धरणात गेलेलं गाव. बुधाजीबाबांच्या शेतातली माती त्यांनी डोक्यावरून आणली होती. तिचं पीच केलं होतं. ते मी..."

पायऱ्यांवरून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "शेठ, हेलिकॉप्टर!"

आणि सगळ्या पायऱ्या हसल्या. वाईट मनानं नव्हे हो. चार वर्षांनी त्यांचा माणूस परत आला होता, त्यांना त्यांचं वाक्य हवं होतं. मी जे पाठ केलं होतं ते सगळं गेलं. मला या जन्मात एकच गोष्ट नीट म्हणता येते, तीच मग तोंडातून बाहेर पडली.

"साळटेप! पहिला पुकारा!"

हसणं थांबलं. पुकारा म्हणजे पुकारा, त्याच्यात गंमत नसते. गणपत मास्तरांनी घाईघाईनं वही चाळली. "कांतीशेठ, ह्या नावाची टीमच न्हाय."

"लिहा मास्तर."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि लिहिलं. पाच मिनिटं गेली. कुणी उठलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. सगळं मैदान गेटाकडं बघत होतं, कुठली टीम येते ते.

"साळटेप! दुसरा पुकारा!"

नळाजवळ बाबा उभे राहिले. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. तेसुद्धा गेटाकडंच बघत होते.

पुन्हा पाच मिनिटं झाली. मास्तरांनी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि माइक बंद केला. तिसरा पुकारा मी दिला नाही.